रविवारपुरतं लेकरू

वाटीभर साखर मागावी, विरजणाला चमचाभर दही मागावं, तशी गयामावशी लोकांची पोरं मागायची.

आम्ही पुंडलिकनगरात नवीनच राहायला आलो होतो. सामान अजून खोक्यांतच होतं, नळाला पाणी कधी येतं याचा पत्ता लागायचा होता, आणि शेजारपाजार कसा आहे याचा मी खिडकीच्या फटीतून अंदाज घेत होते. अशात एका शनिवारी संध्याकाळी दार वाजलं. दारात एक उंच, वाळकी बाई. डोक्यावरून पदर, कपाळ मोकळं, पायांत पुरुषी चपला. ओळख ना पाळख, आणि बाई म्हणाली, "तुमची पोरगी मिळंल का वो उद्याच्याला? रविवारपुरती. सांजच्याला परत आणून देते."

मी म्हटलं, "काय?"

"पोरगी." माझ्या मागून डोकावणाऱ्या मंजूकडं तिनं बोट केलं. बोट तरी कसं, पहिल्याच पेरात मुडपलेलं. "ही. पयलीत असंल ना? मग चालंल."

चालंल म्हणे! माझी पोरगी म्हणजे काय मंडईतली वांगी होती? जिभेवर चांगलं कडक उत्तर आलं होतं माझ्या. पण तेवढ्यात समोरच्या घरातून चार-पाच पोरं "मावशी, मी! मावशी, मी पण!" करत धावत आली आणि तिच्या पदराला लटकली. मग कळलं, की पडेगावला तिच्या वाटणीचं थोडं वावर आहे, आणि फळांच्या दिवसांत दर रविवारी ती गल्लीतली बारकी पोरं गोळा करून तिकडं नेते. आत्ता सीताफळं होती, पुढं जांब, म्हणजे पेरू, मग बोरं. भोपळे तर दिवाळीच्या आगेमागे असायचेच.

आमचे हे म्हणाले, "जाऊ दे की." मी म्हटलं, "मग मीही येते." माझा स्वभावच तसा आहे, दुधाच्या पिशवीवरसुद्धा माझा पटकन विश्वास बसत नाही.

"या की," गयामावशी म्हणाली, "पण मोठ्या माणसाचा तिथं काय उपेग नाय."

आता सांगा, पहिल्याच ओळखीत कुणी असं बोलतं? मी मनात म्हटलं, बाई फटकळ दिसते. म्हणजे आमचं जमणार.

सकाळी सिटी बसनं स्टँड, तिथून दौलताबादकडं जाणारी गाडी, आणि छावणी मागं पडली की पोरांची गाणी सुरू. पडेगावला उतरून मुरमाच्या वाटेनं थोडं चालायचं. तिचं वावर म्हणजे एक लांबट पट्टी होती. कडेनं सीताफळीची झाडं, मधे जांबाच्या दोन ओळी, आणि खाली जमिनीभर पसरलेला भोपळ्याचा वेल. पट्टीला लागून बांध, बांधापलीकडं मोठं वावर, विहीर, आणि एका लिंबाखाली पत्र्याचं घर. त्या घरातून चुलीचा धूर यायचा, भाकरी थापल्याचा आवाज यायचा. इतकं जवळ होतं ते. पण गयामावशी घरून बांधून आणलेली भाकरी सोडायची ती जांबाखाली, आणि पाणीसुद्धा घरूनच आणलेलं प्यायची.

शेतात पाऊल टाकायच्या आधी ती पोरांना ओळीत उभं करायची. "बोटं दाखवा." सगळे दहा-दहा बोटं पुढं करायचे. "आता वाकवा. वेलावरच्या कळ्याला, बारक्या फळाला, सरळ बोट दाखवलं का कळा सडतो. दाखवायचंच असंल तर मुडपून दाखवायचं. आन इसरून सरळ दाखवलंच, तर काय करायचं?" पोरं एका सुरात ओरडायची, "चावायचं!" मग दिवसभर हा तमाशा चालायचा. कुणीतरी आनंदानं "तो बघ केवढा!" म्हणून बोट ताणायचं आणि लगेच तेच बोट दाताखाली धरून उभं राहायचं. संध्याकाळपर्यंत निम्म्या पोरांच्या बोटांवर दातांच्या खुणा. मावशीचं स्वतःचं बोट तर कायमचंच मुडपलेलं. दुकानात साबण दाखवायचा असो की बसमधली रिकामी जागा, तिनं कधी सरळ बोट केलेलं मी पाहिलं नाही.

तोडण्याचं शिक्षणही तिच्या पद्धतीचं. सीताफळाच्या खवल्यांमधल्या रेघा पांढुरक्या व्हायला लागल्या की त्याचे डोळे उघडले, मग ते तोडायचं. डोळे मिटलेलं असेल तर हात लावायचा नाही. भोपळ्याचं देठ वाळलं की नाही ते बघायचं, आणि मुडपलेल्या बोटानं त्याच्यावर टकटक करायचं. जांबाच्या फांदीला एखादं पोरगं लोंबकळायला लागलं, की ती म्हणायची, "वढू नको रं. माग. जरा फिरव हातात. द्यायचं असंल तर देतंय ते." आणि खरंच, पिकलेला जांब नुसता फिरवला की हातात यायचा. नाही आला तर ती पोराला पुढच्या झाडाकडं वळवायची. "नाय म्हणतंय ना? ऱ्हाऊ दे. पुन्ना इचारू."

त्या पहिल्याच दिवशी मी बांधापलीकडचा माणूस पाहिला. धोतर, पांढरी टोपी, हातात विळा. आमच्याकडं पाठ करून तो गवत कापत होता. एकाएकी, मान न वळवता, तो मोठ्यानं बोलला, "पोरांनो, सांगा तुमच्या मावशीला. कडंच्या झाडाला गांधीलमाश्यांचं पोळं हाय म्हणावं."

आता गयामावशी त्याच्यापासून हाकेच्या काय, कुजबुजीच्या अंतरावर उभी. ठणठणीत कानांची बाई. पण ती जागची हलली नाही. जांब निरखत उभी राहिली. मग गल्लीतल्या रिक्षावाल्या शेखभाईंचा समीर पळत तिच्याजवळ गेला आणि म्हणाला, "मावशी, वो मामा बोल रहे, कडंच्या झाडाला गांधीलमाशी है." तेव्हा कुठं तिनं मान हलवली. "म्हणावं, बघितलं मी." समीर परत बांधावर. "मामा, मावशीने देख लिया." तो माणूस "हां" म्हणाला आणि पुन्हा गवत कापायला लागला.

मला हसूच फुटलं. वाटलं, पोरांना रमवायला काढलेला खेळ असेल. दिवसभर असे निरोप ये-जा करत होते. "सांगा तिला, औंदा जांबाला शेणखत घातलंय." "म्हणावं, दिसतंय." "सांगा, खाली बसू नको म्हणावं, मुंगळे हायत." "म्हणावं, बसले न्हाई." पोरांना हे काम भारी आवडायचं. कुणाचा निरोप कुणी न्यायचा यावरून भांडणं व्हायची.

संध्याकाळी निघताना आणखी एक गंमत. तोडलेल्या भोपळ्यांतला सगळ्यात मोठा भोपळा तिनं दोन पोरांकडून बांधावर नेऊन ठेवला. तो माणूस आला, विळ्यानं त्याला एक चीर दिली आणि निघून गेला. मग तो चिरलेला भोपळा तिनं पिशवीत घातला. मी म्हटलं, "अहो, असा चीर दिलेला भोपळा टिकायचा नाही. अख्खा न्या की, महिनोन् महिने राहील." ती म्हणाली, "अख्ख्याला बाईनं सुरी लावू नये, ठाव हाय ना तुमाला? माझ्या घरी पुरुष माणूस कुठून आणू?"

म्हणजे त्या एका चिरीपायी सोमवारी आमच्या सगळ्या गल्लीत भोपळा शिजायचा. कुणाकडं घारगे, कुणाकडं भरीत, कुणाकडं नुसतीच भाजी. आमचे हे ताटाकडं बघून म्हणायचे, "त्या बाईला म्हणावं, मी येतो चीर द्यायला, पण जरा बारका आण."

गयामावशी आमच्या मागच्या लायनीत दोन खोल्यांत एकटी राहायची. नवरा दुधाच्या डेअरीत होता, तो कधीच गेला. मूलबाळ झालं नाही. पापड, शेवया करून द्यायची, त्यावर भागायचं तिचं. रविवार सोडला तर तिच्या दारात मी कुणी पाहिलं नाही. रेडिओ मात्र दिवसभर चालू असायचा. मी एकदा विचारलं, एवढं काय ऐकता हो? तर म्हणाली, "ऐकत नाय बाई. बोलतंय कुणीतरी, एवढंच." राखीपौर्णिमेला आणि भाऊबीजेला ती दार आतून लावून घ्यायची. पहिल्या वर्षी मी ताट घेऊन गेले, दोनदा कडी वाजवली. तिनं दार उघडलं नाही. नंतर मीही त्या दिवशी जाणं सोडलं.

गल्लीतल्या बायका म्हणायच्या, बिचारीला मूल नाही ना, म्हणून लोकांच्या पोरांत जीव रमवते. मलाही तसंच वाटायचं. सहा-सात वर्षं वाटत होतं.

मंजू सातवीत गेली त्या वर्षी सीताफळं आली, आणि शनिवारी मावशी आमच्या दारावरून तशीच पुढं गेली. मंजू पायरीवरच बसली होती. तिला वाटलं, विसरली. दुसऱ्या रविवारीही तेच. शेजारची लहान पोरं गेली, मंजू राहिली. पोरगी रात्री जेवली नाही. म्हणाली, "आई, मी काय केलं गं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरं म्हणजे काय चपला आहेत, लहान झाल्या की टाकून द्यायला? तडक तिच्या घरी गेले. ती शेवयांच्या पाटासमोर बसली होती. मी काय काय बोलले ते आता इथं लिहीत नाही. ती ऐकून घेत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "बसा. चा टाकते."

"चहा नको. पोरीला का नेत नाही ते सांगा."

"ती मोठी झाली आता," ती म्हणाली. "तिच्या तोंडचं धरलं जाईल."

मग सांगितलं तिनं. हात शेवयांवर चालू होते, माझ्याकडं न बघता बोलत होती.

बांधापलीकडचा तो माणूस तिचा धाकटा भाऊ होता. किसन. आई लवकर गेली, म्हणून हिनंच त्याला कडेवर खेळवला होता. वडील गेल्यावर वाटणी झाली. बहिणीनं हक्क सोडून सही द्यायची, अशी आपल्याकडची रीत. गयामावशी सही द्यायला गेली आणि ऐन वेळी म्हणाली, सगळं घ्या, पण जांबाची एवढी पट्टी मला ठेवा. ती झाडं तिनं आणि वडिलांनी मिळून लावली होती. तिला वाटलं, नवरा नाही, लेकरू नाही, माहेराला यायला काहीतरी आपलं असावं. किसनला वाटलं, बहिणीनं चारचौघांत हिस्सा मागितला. त्यानं भर बैठकीत आपल्या तान्ह्या पोराच्या, बाळूच्या, डोक्यावर हात ठेवला आणि शपथ घेतली, की हिच्याशी उभ्या जन्मात एक शब्द बोलणार नाही.

"लेकराची शपथ," ती म्हणाली. "मोडता येती का? रागात घेतली, पण घेतली. तवापास्नं मी बी त्याच्याशी थेट बोलत नाय. मी बोलले आन त्याच्या तोंडून चुकून उत्तर गेलं, तर? बाळूला काय झालं तर?"

"मग निरोप कसे चालतात?"

"मोठ्या माणसाकडून धाडला तर ते बोलणंच झालं. बारक्या लेकराच्या तोंडचं देव धरत नाय. तो लेकराशी बोलतोय, लेकरू माझ्याशी बोलतंय. त्यात कुठं मोडली शपथ?"

मी विचारलं, "त्याच्या घरात पोरं नाहीत का?" तर म्हणाली, "ज्याच्या जिवाची शपथ, त्याच्याच घरचं लेकरू मधी घालायचं व्हय? तुमी बी काय बोलता!"

  फळांसाठी नव्हे, पोरांच्या हौसेसाठीही नव्हे. भावाचा आवाज कानावर पडावा म्हणून ही बाई दारोदार लेकरं मागत फिरत होती. "एकली गेले का तो मुकाट काम करतो," ती म्हणाली. "पोरं असली का बोलतो. पोरांशीच बोलतो, पण मला ऐकू येतं की."

उठताना मी म्हटलं, "बरं चाललंय मग तुमचं. सगळं बोलणं होतंय."

तेव्हा तिचे हात थांबले. "सगळं सांगतो पोरांकडून," ती म्हणाली. "माशा हायत सांगतो, खत घातलं सांगतो, बाळूचं लगीन ठरलं ते बी सांगितलं. एक तेवढं सांगत नाय."

"काय?"

"घरी चल म्हणून. शपथ बोलण्याची हाय. उंबऱ्याची नाय." मग म्हणाली, "समोर धूर दिसतो बाई चुलीचा. मी माझी गार भाकर खाते."

"मग तुम्हीच जा ना सरळ. धाकटा भाऊ आहे तुमचा."

"आपणहून?" ती माझ्याकडं अशी बघायला लागली, की मीच काहीतरी अमंगळ बोलले. "माहेराला आपणहून जात्यात व्हय? बोलवावं लागतं."

त्यानंतर मी जमेल त्या रविवारी तिच्याबरोबर जायला लागले, कुणाची तरी बारकी पोरं हाताशी धरून. मंजूला मी सगळं सांगितलं. तीही रुसवा सोडून गल्लीतली लहान पोरं जमवायला मदत करू लागली. आता शेतात मी झाडांकडं कमी आणि बांधाकडं जास्त बघायची. किसनमामा किती वेळा तिच्याकडं चोरून बघतो, ते मला दिसायला लागलं. दर वेळी तो भोपळ्याला चीर द्यायचा तेव्हा आधी विळा धोतराला स्वच्छ पुसायचा, हेही.

एकदा मावशी बांधाच्या कडेचा भोपळा काढायला वाकली आणि पाय घसरून दगडांवर आदळली. पलीकडून किसनमामा ओरडला, "आक्—"

खाली पडल्या पडल्या गयामावशीनं एक हात वर केला आणि दुसरा स्वतःच्याच तोंडावर घट्ट दाबला. गुडघ्यातून रक्त येत होतं आणि ही बाई भावाला खुणेनं सांगत होती, गप, गप. त्यानं खांद्यावरचा पंचा तोंडात कोंबला. खरंच कोंबला. मग समीरच्या धाकट्या बहिणीला दंडाला धरून म्हणाला, "पळ माय, इचार तिला, लागलं का?" पोरगी धावत आली. "मावशी, लागलं का?" मावशी म्हणाली, "म्हणावं, नाय लागलं. बाळूला उदंड आयुष्य हाय म्हणावं." पोरीला एवढं लांब लक्षात राहिलं नाही, तिनं "नाय लागलं" एवढंच पोचवलं. तो बराच वेळ बांधाशी उभा होता. मला वाटलं, आज तरी म्हणेल घरी चल, हळद लाव. नाही म्हणाला. येताना बसमध्ये मावशी म्हणाली, "आक्का म्हणणार होता बघा. लहानपणीसारखं." आणि पडेगाव ते स्टँड ती नुसती हसत होती, गुडघ्याला माझा रुमाल बांधून.

पुढं दिवस पालटले. मंजू पुण्याला शिकायला गेली. समीरच्या घरच्यांनी जागा बदलली. रविवारी पोरांना क्लास, चित्रकलेची परीक्षा, कुणाचा वाढदिवस. आयाही नवीन आल्या. गयामावशी दारात उभी राहायची आणि तेच विचारायची, "तुमचं लेकरू मिळंल का रविवारपुरतं?" आणि आया दार अर्धवट लोटून नाही म्हणायच्या. त्यांचं तरी काय चुकलं? अनोळखी म्हाताऱ्या बाईच्या हाती आजकाल कोण पोर देतं? तिसऱ्या घरातल्या ओवीच्या आईनं तर तोंडावर सांगितलं, "असं लोकांची मुलं मागत फिरू नका हो. बरं दिसत नाही." मावशी "बरं" म्हणून परतली. ओवी तेव्हा चार वर्षांची असेल. जाताना मावशीनं तिच्याकडं बोट केलं, मुडपलेलं, आणि सोबत असलेल्या मला हळूच म्हणाली, "हिला चांगलं बोलता येतं."

एका वर्षी मग एकही पोर मिळालं नाही. आम्ही दोघीच गेलो. जांबाला फळ धरलं होतं, वेल बांधावर चढले होते. आता पलीकडं चार वावरं सोडून इमारती दिसायला लागल्या होत्या. किसनमामा लिंबाखाली बाजेवर बसला होता. आम्हाला बघून काठी टेकत बांधाशी आला. आमच्या मागं वाटेकडं बघितलं. कुणीच नव्हतं. त्यानं तोंड उघडलं, मला बघितलं, मिटलं. गयामावशी जांबाखाली बसली, तो बांधावर बसला. दोघंही म्हातारे. मला इतकं अवघडल्यासारखं झालं, की मी उगाच पलीकडच्या ओळीत जाऊन पालापाचोळा उचकत बसले. माझ्या केसांत पांढरं दिसायला लागलं होतं. मोठ्या माणसाचा तिथं काय उपयोग नाही, हे तिनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

निघताना मी भोपळा उचलून बांधावर ठेवला. त्यानं विळा धोतराला पुसला आणि चीर दिली. या वेळी चीर वाकडी गेली.

त्याच हिवाळ्यात गयामावशी गेली. सकाळी दूधवाल्यानं हाक मारली, तर आत नुसता रेडिओ बोलत होता. आम्ही दार लोटलं. पलंगावर झोपल्यासारखीच होती. यांना मी स्कूटरवर पडेगावला पिटाळलं, आणि पैठणला तिच्या दिराच्या मुलाला फोन केला. तो एसटीनं यायचा होता. बायका जमल्या, रीतीप्रमाणं लहान पोरांना लांबच्या घरांत नेऊन बसवलं. दोन खोल्यांत कधी नव्हे ती माणसं झाली.

दुपारी दाराशी टेम्पो थांबला. चालवत होता तो धिप्पाड, मिशाळ गडी म्हणजे बाळू. ज्याच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती, तो. चांगला धडधाकट, डोळे पुसत होता. मागून किसनमामा उतरला. चपला हातात घेऊन आत आला, बहिणीच्या उशाशी उभा राहिला, आणि बोलेना. ओठ हलत होते, पण आवाज नाही. बाळू म्हणाला, "आण्णा, बोला की आता काहीतरी." त्यानं बाळूकडं बघितलं आणि मान हलवली. नाही. मग तो खोलीभर नजर फिरवू लागला. बायकांमधून, दारातून, ओट्यावरून. तोवर पोचलेल्या दिराच्या मुलाला वाटलं, बसायला जागा बघतोय, त्यानं खुर्ची पुढं केली.

मला कळलं तो काय शोधतोय.

मी उठले आणि अनवाणीच पळाले. तिसऱ्या घराचं दार वाजवलं. ओवीच्या आईनं उघडलं. मी म्हटलं, "तुमची पोरगी देता का जरा? लगेच परत आणून देते."

"काय?" ती म्हणाली. "तिथं? अहो, लहान आहे ती!"

"लहानच पाहिजे," मी म्हटलं, आणि तिथं तिच्या दारात मला रडू आलं. काय समजावणार होते मी तिला तेवढ्या वेळात? तिनं माझ्याकडं बघितलं, आणि कोण जाणे काय वाटलं तिला, तिनं ओवीला उचलून माझ्या कडेवर दिलं.

मी ओवीला किसनमामासमोर उभं केलं. तो उकिडवा बसला. पंच्यानं तोंड पुसलं. आणि तिला म्हणाला, "माय, माझा एक निरोप देती का? आक्काला सांग."

"आक्का कोण?"

"ती. निजलीया ती." त्यानं बोट केलं. मुडपून. "तिला सांग, घरी चल म्हणावं. किसना न्यायला आलाय."

ओवी पुढं गेली. तिला कुणी शिकवलं नव्हतं, पण सगळी मुलं करतात तसा तिनं तोंडाशी हातांचा द्रोण केला आणि स्वच्छ, मोठ्यानं सांगितलं, "आक्का, घरी चल म्हणावं. किसना न्यायला आलाय."

 ओवी थोडा वेळ थांबली, उत्तर न्यायचं असतं ना. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "ती काहीच म्हणत नाही."

किसनमामा म्हणाला, "ऐकलंय तिनं. जा माय तू."

दिराच्या मुलानं हरकत घेतली नाही. बाळूनं टेम्पोत सतरंजी अंथरली. आधी तिला पत्र्याच्या घरापुढं उतरवायचं, उंबऱ्याच्या आत न्यायचं, आणि मग जांबाच्या पट्टीत अग्नी द्यायचा, असं ठरलं. बायका निघाल्या. मी म्हटलं, तुम्ही बसा गाडीत, मी आलेच. आणि आधी ओवीला तिच्या आईकडं परत देऊन आले.